घर रिकामं आहे

आमच्या टेकडीवर वणव्याला कोणी वणवा म्हणत नाही. ‘तो’ म्हणतात. ‘यंदा तो लवकर येणार’, ‘तो खालून चढला तर काय करायचं’, असं. घरातल्या दारुड्या जावयाबद्दल बोलावं तसं, नाव न घेता आणि आवाज खाली करून. उन्हाळा लागला की गवत पिवळं पडतं, झाडांखाली पाचोळ्याची गादी साठते, आणि पुढचे काही महिने माणसं झोपायच्या आधी खिडकी उघडून एकदा वास घेऊन बघतात. मला या सगळ्याचा मनापासून वीट आला आहे. पण ताईची गोष्ट याच्याशिवाय सांगता येत नाही.

मी शाळेची बस चालवतो. वस्तीतली पोरं सकाळी खाली गावात न्यायची आणि दुपारी वर आणून सोडायची, एवढंच माझं काम. वस्ती उतारावर आहे, एकीच्या डोक्यावर एक अशा गल्ल्या, मधे बस वळवण्यापुरतं मैदान, आणि सगळ्यात वरच्या गल्लीच्या पाठीला लागून जंगल. खाली उतरायला रस्ता एकच. ताई वरच्या गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात राहायची, आणि मी सगळ्यात खालच्या.

ती माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं नाक पुसण्यापासून माझं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, “एक पोरगं वाढवलं, तेवढ्यात हौस फिटली.” टेलिफोन ऑफिसात आयुष्यभर नोकरी केली, कधी उशिरा गेली नाही, कधी लवकर निघाली नाही. निवृत्त झाल्यावर अंगणात पाय घसरून कमरेचं हाड मोडलं. आत खिळे बसवले, हातात काठी आली. तेव्हापासून मी तिच्या मागे लागलो होतो, की खाली आमच्याकडे येऊन राहा.

“तुझ्या स्वयंपाकघरात मला तुझ्या बायकोला विचारून डबे उघडावे लागतील,” ती म्हणायची, “आणि ती बिचारी मला विचारून उघडायला लागेल. दोघींची अडचण कशाला करतोस, धाकट्या?”

धाकट्या. डोक्यावरचे केस गेले तरी मी धाकट्याच.

काही वर्षांपूर्वी समोरच्या टेकडीवर तो आला आणि एका दुपारात अर्धी वस्ती खाऊन गेला. आम्ही ते आमच्या गच्चीवरून पाहिलं. त्यानंतर आमच्याकडे समिती निघाली आणि तिचे प्रमुख झाले सर. सर म्हणजे शाळेतले खेळाचे शिक्षक, आता निवृत्त, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झालेली नाही. ते लग्नाला शिट्टी घालून येतात, मयतीलाही. लोक मागे हसतात. पण खरं सांगायचं तर या माणसाने वस्तीला वळण लावलं. दर रविवारी सकाळी शिट्टी वाजायची आणि एकेका घरातून कोयते, दाताळी, घमेली घेऊन माणसं बाहेर पडायची. वरच्या गल्लीमागे आम्ही जाळपट्टा काढायचो, म्हणजे रुंद पट्टाभर जमीन खरवडून अशी उघडी करायची की त्याला खायला काडीही मिळू नये. छपरावरचा पाला झाडायचा, पन्हळी साफ करायच्या, भिंतीला टेकवलेली लाकडं दूर रचायची. भोंगा झाला की बायकांनीही साडीवरून लांब बाह्यांचा सुती सदरा चढवायचा, हेही सरांनीच शिकवलं. ज्याने अंगचोरपणा केला त्याच्या दारात सर स्वतः दाताळं घेऊन उभे राहायचे, मग त्याला लाज वाटून तो बाहेर यायचा.

ज्यांना धावपळ जमणार नाही त्यांना सरांनी एकेक जोडीदार नेमून दिला होता. ताईचा जोडीदार होता प्लंबर. मधल्या गल्लीतला तरुण मुलगा, पाइप आणि नळांनी भरलेला एक लहानसा टेम्पो घेऊन फिरायचा. पहिल्यांदा तो तिच्याकडे गळका नळ दुरुस्त करायला आला, आणि त्यानंतर काही बिघडलं नसलं तरी येऊ लागला. तिची पन्हळ तोच साफ करायचा. ती खाली खुर्ची टाकून बसायची आणि त्याला सूचना द्यायची.

“कोपऱ्यात राहिलंय बघ.”

“ताई, तुम्हाला खालून दिसतं तरी काय?”

“तू कामचुकारपणा करतोस ते दिसतं.”

मग चहा व्हायचा. माझ्या बायकोला गंमत वाटायची. ती म्हणायची, “अहो, तुमची जागा गेली बरं का. ताईंना दुसरा धाकट्या मिळाला.”

आता फडक्याबद्दल सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही जो सराव केला त्यात फजिती झाली. शिट्टी वाजल्यावर लोक घरं सोडून मैदानात आले, पण कोण आलं आणि कोण राहिलं ते स्वयंसेवकांना कसं कळणार? ते एकेक दार ठोठावत बसले. रिकाम्या घरांच्या दारावर थापा मारण्यातच सगळा वेळ गेला. खरी आग असती तर स्वयंसेवकच भाजून निघाले असते. म्हणून सरांनी घरोघर एकेक पांढरं फडकं वाटलं. घर सोडताना ते फाटकाला बांधायचं. फडकं म्हणजे घर रिकामं आहे, थांबू नका. वरच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता वळतो, तिथून गल्लीतली सगळी फाटकं एका रांगेत दिसतात. स्वयंसेवकाने त्या वळणावरून नजर टाकायची, जिथे पांढरं नाही तिथेच जायचं. सोपी, स्वच्छ युक्ती होती. मला तेव्हाही आवडली होती.

दुसऱ्या सरावात ताई फडकं बांधायला विसरली. प्लंबरने गॅसचा सिलिंडर अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला, तिला हात धरून टेम्पोत बसवलं, आणि ती मैदानात सगळ्यांच्या आधी पोचली. एवढी खूश होती की मला लांबून काठी हलवून दाखवली. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सरांनी तिला उभं राहायला सांगितलं नाही, एवढीच मेहेरबानी केली.

“तुमच्या फाटकावर फडकं नव्हतं, ताई. म्हणजे माझा एक माणूस तुम्हाला शोधायला रिकाम्या घरात शिरला. खरी आग असती आणि तो आतच राहिला असता, तर त्याच्या आईला जाऊन कोणी सांगायचं? तुम्ही?”

सगळा हॉल वळून तिच्याकडे बघू लागला. प्लंबर उठून म्हणाला, “सर, चूक माझी आहे, मी घाई केली,” तर तिने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. घरी सोडायला गेलो तेव्हा फाटकाशी थांबली आणि म्हणाली, “एवढी वर्षं नोकरी केली, धाकट्या. कधी कोणी बोट दाखवलं नाही.” मी म्हणालो, जाऊ दे गं, सरांना सवयच आहे. पण तिच्या मनाला ते लागलं होतं. चार लोकांत झालेला पाणउतारा ती विसरणारी नव्हती.

पुढच्या सरावात शिट्टी वाजली आणि ताईने पहिली गोष्ट केली ती फडकं बांधायची. चपला घालायच्या आधी. आणि गंमत म्हणजे ती एकटी नव्हती. सभेत तिचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपलं तसं होऊ नये म्हणून अख्ख्या वरच्या गल्लीने आधी फडकी बांधली, मग घरात जाऊन पिशव्या भरल्या. सर वळणावर घड्याळ घेऊन उभे होते. बघता बघता सगळी गल्ली पांढरी झाली. सरांचा चेहरा फुलला. मैदानात त्यांनी वरच्या गल्लीसाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून वाजवल्या. ताई काठीवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ करून उभी होती. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी.

टाळ्या वाजवणाऱ्या एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की ते फडकं आता खोटं बोलायला लागलं आहे. आत माणूस चपला शोधतोय आणि फाटक सांगतंय की घर रिकामं आहे. कोणाला दोष द्यायचा? मूर्खपणा एकट्यादुकट्याचा असेल तर दिसतो तरी. सगळ्यांनी मिळून केला की त्याला शिस्त म्हणतात.

तो आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळपासून गरम वारा सुटला होता, दारं आपोआप आपटत होती. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो, तर बायको गच्चीवरून धावत खाली आली. तिने काही सांगायची गरज पडली नाही, तिच्या कपड्यांनाच वास येत होता. कड्याच्या पलीकडून धूर उठला होता, आणि तो पांढरा नव्हता, काळा होता. मग भोंगा झाला. आणि भोंग्यावर सरांची शिट्टी.

माझं काम ठरलेलं होतं. बस मैदानात आणायची, येतील ती माणसं भरायची आणि खाली न्यायची. मधे कुठेही थांबायचं नाही, कारण रस्ता एकच आहे आणि बस अडकली तर सगळे अडकतील. बायको माझ्याबरोबर मैदानापर्यंत आली आणि बसच्या पायरीवर थांबली.

“मी वर जाऊन ताईंना घेऊन येते.”

“वेडी आहेस का? प्लंबर आहे ना तिच्यासाठी. तू चढ.”

“फोन लागत नाहीये त्यांचा.”

“कोणाचाच लागत नाहीये. चढ म्हणतो ना!”

मी एवढ्या जोरात ओरडलो की आधीच बसलेली माणसं गप्प झाली. ती चढली.

मला माहीत नव्हतं ते हे की भोंगा झाला तेव्हा प्लंबर वस्तीत नव्हता. खाली गावात कोणाकडे तरी पाइप बसवत होता. सामान तिथेच टाकून तो वर यायला निघाला तेव्हा उतरणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता. तो वळणावर पोचेपर्यंत उशीर झाला होता आणि कड्यावरून ज्वाळा दिसायला लागल्या होत्या. वाटेत दोन म्हातारी जोडपी कडेला उभी होती, त्यांना त्याने टेम्पोत घेतलं होतं. मग वळणावर थांबून वरच्या गल्लीकडे नजर टाकली. सगळी फाटकं पांढरी होती. ताईचंही. त्याला वाटलं, आपल्याला उशीर झाला म्हणून शेजाऱ्यांनी तिला मैदानात नेलं असणार, दादाच्या, म्हणजे माझ्या बसमध्ये बसली असणार. जसं शिकवलं होतं तसं तो थांबला नाही.

त्याचा टेम्पो मैदानाच्या कडेने खाली गेला. मागे ताडपत्रीखाली माणसं बसलेली होती, चेहरे दिसत नव्हते. त्याने खिडकीतून हात काढला आणि ओरडला, “वर सगळं पांढरं, दादा! निघा!”

सगळ्यात शेवटी सर चढले आणि मी बस काढली. मैदानाखाली रस्ता असा वळसा घेतो की क्षणभर वरची गल्ली डोक्यावर दिसते. धुरामुळे घरं पुसट झाली होती. तरी मी वर बघितलं. फाटकांवर पांढरे ठिपके होते, आणि अगदी शेवटच्या फाटकाशी पांढरं काहीतरी वाऱ्यावर जोरजोरात हलत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी आरशातून बायकोकडे बघून हसलो. चक्क हसलो.

“बघ,” मी म्हणालो, “तुझ्या नणंदेने या वेळी फडकं बांधलंय. सर, खूश ना?”

सरांनी मान हलवली. बायकोने डोळे मिटून हात जोडले.

खाली गावातल्या मोठ्या शाळेत सगळ्यांना नेलं होतं. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, पाण्याचे पिंप ठेवले होते, पोरं रडत होती, आणि लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. वस्ती जवळजवळ सगळी सुखरूप उतरली होती. मी बस लावली आणि प्लंबरचा टेम्पो शोधायला निघालो. हॉलच्या दारातच तो समोरून येताना दिसला. तो बसकडेच येत होता. आम्हा दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव असणार, हायसं वाटल्याचा.

“ताई कुठे बसल्यात?” त्याने विचारलं.

मी ऐकून घेतलं आणि तरी तेच विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. “ताई कुठे बसल्यात?”

माझी बायको मागून आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि प्लंबरचा हात धरून त्याला टेम्पोकडे ओढलं.

मग आम्ही धावलो. टेम्पोने गावाच्या वेशीपर्यंत गेलो, तर तिथे पोलिसांनी रस्ता बंद केला होता. मी हवालदाराच्या पाया पडलो, मग त्याची गचांडी धरली. त्या बिचाऱ्याने फक्त वर बोट दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पेटली होती. प्लंबर अडथळ्यावरून उडी मारून पळत सुटला, त्याला दोघा बंबवाल्यांनी पकडून आणलं. तो लाथा झाडत होता. सर मागून आले. शिट्टी त्यांच्या गळ्यात तशीच होती. ते माझ्या शेजारी मातीत बसले आणि त्यांनी माझा हात धरला. मला त्यांच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटत होता. त्याच वेळी त्यांनी माझा हात सोडू नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबवाल्यांनी मला त्यांच्या गाडीतून वर नेलं. फक्त मला, ओळख पटवायला.

मधल्या गल्लीतली बरीच घरं बसली होती. वरच्या गल्लीतल्या काहींच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. आणि गल्लीच्या टोकाला, जंगलाच्या सगळ्यात जवळ, ताईचं घर शाबूत होतं. एक काच तडकली नव्हती. जाळपट्ट्याने ‘त्याला’ अडवलं होतं, साफ पन्हळीत ठिणगीला धरायला काही मिळालं नव्हतं. खिडक्या आतून घट्ट लावलेल्या. पडदे काढून, घड्या घालून पलंगावर ठेवलेले. सोफा खिडकीपासून ओढून खोलीच्या मधे आणलेला. दारात पाण्याने भरलेली बादली. आणि सिलिंडर अंगणाच्या टोकाला, जिथे तो ठेवायचा असं शिकवलं होतं, बरोबर तिथे. वाटेवरच्या मातीत तो लोळवत नेल्याची रेघ होती, सरळ नव्हे, थांबत थांबत गेलेली. जोडीदार आला नाही म्हणून तिने त्याचंही काम केलं होतं. खिळे बसवलेल्या कमरेने.

ताई फडकं बांधलेल्या फाटकाच्या आतल्या बाजूला खांबाला टेकून बसली होती. मांडीवर पिशवी, बाजूला काठी. ती जळली नव्हती. बंबवाला म्हणाला, धुराने झालं, फार वेळ लागला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. दुसरा जरा नवखा होता. तो न राहवून म्हणाला, “या आत दार लावून बसल्या असत्या तर कदाचित…” पहिल्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मी गुडघ्यांवर बसलो आणि तिच्या तोंडावरची राख पुसली. लहानपणी ती माझं तोंड पुसायची, अगदी रगडून, मी ओरडायचो. मला हळू पुसता येईना.

त्यानंतरच्या सभेत कोणीतरी बोलून गेलं की एवढ्या मोठ्या आगीत आपल्या वस्तीतलं एकच माणूस गेलं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मी खुर्ची उचलून भिंतीवर फेकली. सर उभे राहून म्हणाले, “ताईंनी सगळं अगदी बरोबर केलं होतं.” हे बोलताना ते रडत होते.

“बरोबर केलं म्हणूनच मेली, सर,” मी म्हणालो. “काहीतरी विसरली असती तर जगली असती.”

मग समितीने नवा नियम केला, की घराला कुलूप लावल्यावरच फडकं बांधायचं, आणि स्वयंसेवकाने फाटकापर्यंत जाऊन हाक मारायची. चांगला नियम आहे. सगळ्यांनी हात वर केले. मी पण केला. तिथे बसून दुसरं करण्यासारखं काय होतं?

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी शेजारच्या वस्त्यांतून माणसं यायला लागली, न जळालेलं घर बघायला. सर त्यांना घेऊन येतात, पन्हळ दाखवतात, जाळपट्टा दाखवतात, लाकडं किती दूर रचायची ते सांगतात. किल्ली माझ्याकडे असते म्हणून मला जावं लागतं. ते लोक खोल्यांतून फिरतात, खिडक्यांच्या कडा बोटांनी चाचपतात, माना डोलावतात. घर कसं वाचवायचं ते त्यांना नीट समजतं. मी तेवढा वेळ बाहेर गल्लीत उभा राहतो. तिच्या पलंगावर परकी माणसं पिशव्या ठेवतात ते मला बघवत नाही.

एकदा मी असाच उभा होतो तर प्लंबर वर आला. आग झाल्यापासून तो या गल्लीत फिरकला नव्हता. तब्येत उतरली होती, दाढी वाढलेली. माझ्या घरी बऱ्याचदा यायचा, ओट्याशी बसायचा, बायको देईल तो चहा प्यायचा आणि न बोलता उठून जायचा. फाटकाला हात न लावता तो माझ्या शेजारी उभा राहिला. आतून सरांचा आवाज येत होता.

“दादा, एक विचारू?”

“विचार.”

“वळणावरून मी गाडी फिरवली ना, तेव्हा आरशात मला काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. ताईंच्या फाटकाशी. मला वाटलं, फडकं. वारा होताच.” तो थांबला. “त्या दिवशी ताईंनी घातलं काय होतं?”

त्याने रस्त्यावरून नजर काढली नाही. मला कळलं की हा प्रश्न तो इतके महिने आमच्या ओट्याशी घेऊन बसत होता आणि परत घेऊन जात होता. आणि उत्तर फक्त मला माहीत होतं, कारण वस्तीतल्या माणसांत तिला त्या कपड्यांत मीच एकट्याने पाहिलं होतं. निळं म्हणालो असतो तर संपलं असतं. त्या पोराने तिच्यासाठी वर्षभर पन्हळी उपसल्या होत्या, तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पेटलेल्या रस्त्यावर धाव घेतली होती. निळं, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता.

पण मी त्याच्या नंतर निघालो होतो. मीही मैदानाखालच्या वळणावरून वर बघितलं होतं, शेवटच्या फाटकाशी जोरजोरात हलणारं पांढरं मीही पाहिलं होतं, आणि ते फडकं समजून मी हसलो होतो. तेव्हापासून रोज बस त्या वळणावर आली की मी स्टिअरिंग घट्ट धरतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ते एकट्याने वाहून मी पार थकलो होतो.

“पांढरा सदरा,” मी म्हणालो. “लांब बाह्यांचा.”

त्याने मान हलवली. दोनदा हलवली, कोणी पत्ता समजावून सांगितल्यावर हलवतात तशी. मग तो गल्लीतून खाली चालत गेला आणि वळणावर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं नाही. आठवड्याभरात त्याने खोली सोडली. कुठे गेला ते कोणाला सांगून गेला नाही. मी त्याला थांबवू शकलो असतो, अजूनही शोधू शकेन, गावात कोणाला तरी ठाऊक असेलच. पण भेटला तर त्याला सांगू काय?